जिवती आणि होतारू

गेल्या श्रावणातील पहिल्या शुक्रवारची गोष्ट. वसई स्टेशनच्या पूर्वेला, गोखिवऱ्यात आमचे घर आहे. आजीने देव्हाऱ्याशेजारी लावलेल्या जिवतीच्या कागदाला आघाडा-दूर्वांची माळ घातली आणि पुरणाचे दिवे करून आम्हा भावंडांना ओवाळले. नववीत शिकणारी माझी चुलत बहीण त्या वेळी मोबाइलवर एक जपानी चित्रकथा वाचत होती. ओवाळून घेता घेता तिने विचारले, "आजी, ही जिवती म्हणजे राक्षसीणच ना गं? मग तिची पूजा कशाला?"

"पोरं राखते म्हणून," आजी म्हणाली.

बहीण हसली व माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, माझ्या गोष्टीतली होतारूपण अशीच आहे."

या एका वाक्यामुळे मी ती चित्रकथा वाचावयास घेतली. प्रस्तुत लेख हे त्या वाचनाचे फलित होय.

जपानी चित्रकथेला 'मांगा' म्हणतात. त्यात 'माहो शोजो', म्हणजे जादूची शक्ती लाभलेली मुलगी, असा एक स्वतंत्र प्रकारच आहे. १९६६ साली मित्सुतेरू योकोयामा यांनी साली नावाची छोटी जादूगारीण रंगविली, ती या प्रकारातील आरंभीच्या नायिकांपैकी एक. नाओको ताकेउची या लेखिकेची 'सेलर मून' ही मांगा १९९१ ते १९९७ या काळात 'नाकायोशी' या मुलींच्या मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत ग्रहांची नावे धारण करणाऱ्या मुली दुष्ट शक्तींशी लढतात. शनीची पाळी मात्र बरीच उशिरा येते. आपल्याकडे साडेसातीचे नाव काढले की माणूस दचकतो. या कथेतही शनीची योद्धी कोणालाच नको आहे. तीच ही होतारू तोमोए. 'होतारू' म्हणजे जपानी भाषेत काजवा.

होतारू ही एका शास्त्रज्ञाची आजारी, एकाकी मुलगी. प्रयोगशाळेतील अपघातात ती जबर जखमी होते, तेव्हा बाप तिच्या शरीरात यंत्रे बसवून तिला जगवितो. पण त्याच शरीरात एका परक्या दुष्ट शक्तीलाही थारा देतो. हाताच्या स्पर्शाने दुसऱ्याची जखम भरून काढण्याचे सामर्थ्य होतारूपाशी आहे. तरीही, किंबहुना त्यामुळेच, शाळेतील मुली तिच्यापासून दूर राहतात. चिबिउसा नावाची एकच मुलगी तिची मैत्रीण होते. आणि या दुबळ्या मुलीच्या आत शनीची योद्धी झोपलेली आहे. ती जागी होऊन तिने आपले शस्त्र खाली आणले की जगाचा अंत ठरलेला!

येथे लेखिका वाचकाला पेचात टाकते. युरेनस, नेपच्यून आणि प्लूटो यांच्या तिघी योद्ध्या दुष्ट नाहीत. जग वाचविणे हे त्यांचे कर्तव्य आहे. त्या म्हणतात, ही मुलगी जागी होण्यापूर्वीच तिला मारले पाहिजे. एका मुलीचा जीव मोठा की साऱ्या जगाचा? उसागी, म्हणजे सेलर मून, या हिशेबाला नकार देते. पुढे शनी जागी होते आणि आपले विनाशाचे काम करतेही. मात्र तो विनाश नव्या आरंभासाठी असतो. जग पुन्हा उभे राहते, होतारू तान्ह्या बाळाच्या रूपाने परत येते, आणि तिला वाढविण्याचे काम कोण पत्करते? ज्या तिघी तिला मारावयास निघाल्या होत्या, त्याच!

हा भाग वाचून मी अस्वस्थ झाले. लहानपणी आमच्या घरापासून थोड्या अंतरावर, डोंगराच्या बाजूच्या एका पाड्यात एक एकटी विधवा राहत असे. तिला लोक 'भुताळी' म्हणत. कोणाचे मूल आजारी पडले की बोट तिच्याकडे जाई. आम्ही मुले तिच्या दारावरून पळत जात असू. एकदा कोणीतरी तिच्या कुडावर दगड टाकले. त्यांतील एक दगड माझ्या हातचा होता, हे आज येथे लिहिताना लाज वाटते. कथेतील भीतीला निदान आधार आहे, होतारूपाशी खरोखरच शक्ती आहे. त्या बाईपाशी काय होते? एक झोपडी आणि चार कोंबड्या. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यानुसार एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून छळणे हा गुन्हा आहे. कायदा झाला हे योग्यच झाले. पण मनातील भीतीचे काय करावयाचे?

याचे एक उत्तर आजीच्या त्या कागदावरच आहे. महाभारताच्या सभापर्वात जरा नावाच्या राक्षसीची कथा येते. मगधाचा राजा बृहद्रथ याच्या दोन राण्यांना अर्धे अर्धे मूल झाले. ते तुकडे चौकात टाकून देण्यात आले. मांसावर जगणाऱ्या जरेने ते उचलले, नेण्यास सोपे जावे म्हणून एकत्र धरले, आणि मूल सांधले जाऊन रडू लागले. तिने ते खाल्ले नाही, राजाला परत दिले. तोच जरासंध. घराच्या भिंतीवर मुलांसह जिचे चित्र काढतात ती गृहदेवी आपणच, असे तेथे जरा स्वतः सांगते. आपल्या जिवतीच्या कागदावर मुलांना खेळविणारी जरा-जिवंतिका आहे, ती हीच. ती राक्षसी नव्हती असे आपली परंपरा म्हणत नाही. राक्षसी होती हे जाणूनच तिला भिंतीवर जागा दिली आहे.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारीतीची मूर्ती आहे. ही यक्षिणी लोकांची मुले खात असे. बुद्धाने तिचे धाकटे मूल लपविले, तेव्हा तिला आईचे दुःख कळले आणि ती मुलांची रक्षक झाली. बौद्ध धर्माबरोबर ही हारीती जपानलाही पोहोचली. तेथे 'किशिमोजिन' या नावाने आजही तिची पूजा होते. ताकेउचींनी होतारू रचताना हारीती डोळ्यांसमोर ठेवली होती, असे मला सुचवावयाचे नाही. पण जिची भीती वाटते तिच्याच हाती मूल सोपविणारी कल्पना त्या भूमीलाही परकी नव्हती, एवढे खास.

होतारू निव्वळ दुष्ट नाही, निव्वळ सुष्टही नाही. तिच्यातील भयंकर अंश शेवटपर्यंत पुसला जात नाही, तिला घर मात्र मिळते. या व्यक्तिरेखेचे मोठेपण मला यात वाटते.

शेवटच्या शुक्रवारी मी आजीला हारीतीची गोष्ट सांगितली. "म्हणजे जिवतीच की ती," आजी म्हणाली. मग मी तिला त्या दगडाचेही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "तिला कधी शुक्रवारचं पुरण पाठवलं नाही आपण."

ती बाई आता हयात नाही.