तारेचा रंग हा पुरावा नव्हे

नाणे टाकून खेळावयाच्या जुन्या यंत्रांतील गोळा (ट्रॅकबॉल) आणि फिरकी (स्पिनर) हे दोन जिन्नस आज भंगाराच्या भावाने विकले जात असले, तरी ज्याच्या बोटांत कंप आहे, ज्याला साधा माऊस मुठीत धरवत नाही, अशा मनुष्याला संगणकापुढे सन्मानाने बसविण्याचे सामर्थ्य त्यांच्यात आहे, अशी माझी अनुभवान्ती दृढ खात्री झाली आहे. आणि ते जोडताना होणारे नुकसान इतरांना टाळता यावे, एवढ्याच हेतूने ही कैफियत लिहीत आहे.

गोळा मुळात खेळासाठी जन्मलाच नाही. कॅनडाच्या नौदलाच्या 'डेटार' या योजनेत १९५२ च्या सुमारास जो गोळा बसविला होता, तो बोलिंगच्या खेळातला होता. पुढे १९७८ च्या 'अटारी फुटबॉल'ने आणि १९८० च्या 'मिसाइल कमांड'ने त्याला करमणुकीच्या यंत्रावर आणले, आणि सोनोग्राफीच्या यंत्रावर डॉक्टरांच्या तळहाताखाली तो आजही फिरताना दिसतो.

चंद्रपुरातील माझ्या दुरुस्तीच्या दुकानात अहेरीकडील एक गुरुजी आपल्या मुलासाठी मिळविलेला असा गोळा घेऊन आले, तेव्हा त्याची सर्किटची चकती जळून काळी पडली होती आणि संगणकाचे यूएसबी द्वारही निकामी झाले होते. विकणाऱ्याने सोबत दिलेल्या चिठ्ठीत 'लाल धन, काळी ऋण' असे स्वच्छ लिहिलेले होते, व जोडणाऱ्याने त्याबरहुकूम काम केले होते; परंतु मधल्या कोणी कारागिराने तुटलेल्या तारांच्या जागी हाताशी होत्या त्या रंगांच्या तारा लावल्या होत्या, आणि लाल तार प्रत्यक्षात ग्राउंडला गेलेली होती. तेव्हापासून माझा शिरस्ता असा, की तारेच्या रंगाची साक्ष ग्राह्य धरावयाची नाही. रुजुवात मीटरने करावयाची.

ही रुजुवात कशी करावी, ते तपशिलाने सांगतो. गोळ्याखाली दोन रूळ असतात, प्रत्येकाच्या टोकाला खाचांचे चाक असते, आणि त्या खाचांतून जाणारा अवरक्त प्रकाश दोन सेन्सरांवर किंचित पुढेमागे पडतो; कोणता सेन्सर आधी उजळला यावरून दिशा कळते, किती वेळा उजळला यावरून अंतर. म्हणून तारा बहुधा सहा: पाच व्होल्टची एक, ग्राउंडची एक आणि आडव्या व उभ्या अशा प्रत्येक दिशेच्या दोन-दोन. चकतीवर एलएम ३३९ हा आयसी असेल तर त्याची तिसरी टाचणी धन आणि बारावी ग्राउंड हे ठरलेले आहे. तेथून कनेक्टरपर्यंत वीज बंद ठेवून मीटरने माग काढावा. नंतर संगणक दूर ठेवून, खात्रीच्या पाच व्होल्टच्या चार्जरवर गोळा चालवावा. जुन्या खेळयंत्राच्या वीजपेटीतून पाचाबरोबर बारा व्होल्टही निघतात, सबब तिच्या वाट्याला जाऊच नये. आता काट्याचा मीटर एकेका संकेततारेला लावून गोळा अगदी सावकाश फिरवावा: काटा शून्यापाशी बसतो, उठतो, पाचापाशी थांबतो, पुन्हा खाली येतो. तो वर येतच नसेल, तर चकती बिघडली असा निष्कर्ष घाईने काढू नये. या आयसीला वर ओढणारा दहा हजार ओहमांचा रोध संकेततारेवरून पाच व्होल्टला जोडला, की पुष्कळदा काम भागते.

एवढे सिद्ध झाल्यावरच एटीमेगा ३२यू४ जातीची चकती मध्ये घालावी, जी संगणकाला आपण माऊस असल्याचे सांगते. गोळ्याला वेगळी वीज दिली असल्यास दोन्हींचे ग्राउंड एकत्र जोडणे अनिवार्य आहे. पडद्यावरचा बाण उलट धावू लागला, तर त्या दिशेच्या दोन तारांची अदलाबदल पुरते. जुन्या चेंडूच्या माऊसचे पोट उघडून जोडणारेही आहेत. त्यांनी पीएस/२ ची खुंटी संगणक चालू असता काढूघालू नये.

फिरकीची गोष्ट थोडक्यात आटोपते. तिला एकच दिशा असल्याने दुसऱ्या दिशेच्या मोकळ्या प्रवेशतारा ग्राउंडला बांधाव्यात, नाहीतर बाण आपोआप थरथरतो. १९७२ च्या 'पाँग'ची मूठ मात्र फिरकी नव्हे; ती रोधाची असून दोन्ही टोकांना अडते, आणि या पद्धतीने जोडली जात नाही.

दुरुस्त गोळा दुकानात ट्यूबलाइटखाली निर्दोष चालला, आणि अहेरीच्या घरी ओसरीवर ठेवताच बाण जागचा हलेना. एप्रिलमधले ऊन पेटीच्या फटीतून तिरपे आत शिरत होते. "गुरुजी, पेटीवर जरा दुपट्टा टाका बरं," असे मी म्हणालो, आणि सावली पडताच बाण धावू लागला. सूर्यप्रकाशात अवरक्त किरण विपुल असतात. सेन्सर त्यांनीच भरून गेल्यावर त्याला खाच दिसणार कशी? पेटीला आतून काळा जाड कागद लावावा, हा उपाय आपल्या मुलखात ऐच्छिक मानू नये. घुग्घुस, बल्लारपूरकडील कोळशाची धूळ रुळांवर बसून त्यांची पकड घालविते, तेव्हा दरमहा स्पिरिटचा बोळा फिरवावा.

सर्वांत गंभीर बाब अर्थिंगची. तिसरी तार नसलेल्या संगणकाच्या लोखंडी पेटीवर निम्म्या दाबाची, म्हणजे सुमारे एकशे पंधरा व्होल्टांची वीज तरंगत असते. ती गोळ्याच्या धातूच्या पट्टीवाटे घामेजल्या हाताला झिणझिण्या आणते, आणि जो हात स्वतःहून झटकन मागे घेता येत नाही, त्याच्या बाबतीत ही हयगय करता येत नाही. अर्थिंग नसेल तेथे मी गोळा बसवून देत नाही. असेल तेथेही उन्हाळ्यात तिच्या खड्ड्यात नियमाने पाणी घालावे, कारण कोरडी जमीन वीज नीट वाहून नेत नाही.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि अशा दिवसांत कोणताही कारागीर तेथे पोहोचू शकत नाही. म्हणून जो कोणी आडगावी असा गोळा बसवील, त्याने मीटरने पडताळलेल्या सहाही तारांची आकृती पक्क्या शाईने काढून पेटीच्या झाकणाला आतून डकवावी, आणि तिच्याखाली पडताळणीची तारीख घालावी.