मेडिकल असिस्टंटचे सर्टिफिकेट : फी, मिळकत आणि पुढची पायरी

अमेरिकेतील मराठी कुटुंबांत मुलांच्या शिक्षणाची चर्चा बहुधा चार वर्षांच्या पदवीपासून सुरू होते व तेथेच संपते. परंतु ज्या मुलाला आणखी चार वर्षे वर्गात बसण्याची उमेद नाही, किंवा जी गृहिणी पुण्याहून अथवा नागपूरहून पतीबरोबर कॅलिफोर्नियात येऊन, मुले शाळेत रुळल्यानंतर, स्वतःच्या मिळकतीचा विचार करू लागली आहे, त्यांच्यासमोर कम्युनिटी कॉलेजातील मेडिकल असिस्टंटच्या सर्टिफिकेटचा मार्ग कोणी ना कोणी ठेवतोच. फी नाममात्र आहे आणि नोकरी लवकर मिळते, अशी दोन विधाने त्याबरोबर हटकून केली जातात. दोन्ही बव्हंशी खरी आहेत. मात्र त्यांच्या जोरावर निर्णय घेणाऱ्यांपैकी तिसरा आकडा मागणारे विरळाच, आणि माझ्या मते साऱ्या हिशेबाची किल्ली त्या तिसऱ्या आकड्यातच आहे : हे सर्टिफिकेट न घेता त्याच व्यक्तीने त्याच गावी काय मिळवले असते?

प्रथम कामाचे स्वरूप. आपल्याकडील दवाखान्यातला कंपाउंडर मनात आणून या पदाची कल्पना केली तर ती अर्धीच उतरते. रुग्णाला खोलीत नेऊन बसवणे, रक्तदाब, नाडी व वजन नोंदवणे, डॉक्टरांच्या आज्ञेवरून इंजेक्शन देणे, रक्ताचा नमुना घेणे, ईसीजी काढणे हे या कामाचे एक अंग. औषधांच्या फेरमागण्या, विमा कंपनीची पूर्वमंजुरी, फोन आणि संगणकावरचे दप्तर हे दुसरे, आणि ते पुष्कळदा पहिल्याहून अधिक वेळ खाते. दिवसभर उभे राहण्याची आणि त्रासलेल्या माणसांशी सौम्यपणे बोलण्याची ज्याची प्रकृती नाही, त्याने पुढचा जमाखर्च वाचण्याचे कष्ट न घेतलेले बरे.

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत राज्याच्या रहिवाशाला सत्रपद्धतीत एका युनिटमागे ४६ डॉलर द्यावे लागतात, आणि हा दर २०१२ पासून बदललेला नाही. सर्टिफिकेटसाठी तीस युनिटे धरली, तर १,३८० डॉलरांत शिकवणीची फी भागते. उत्पन्न मर्यादेत असेल तर हीही रक्कम राज्याच्या कॉलेज प्रॉमिस ग्रँटखाली माफ होऊ शकते, आणि नागरिक व ग्रीन कार्डधारक यांना गरजेनुसार केंद्र सरकारची पेल ग्रँट मिळू शकते, जिची कमाल मर्यादा २०२४–२५ साली ७,३९५ डॉलर होती. पुस्तके, गणवेश, लसी, पूर्वचारित्र्याची चौकशी, सीपीआरचा दाखला आणि शेवटची परीक्षा यांसाठी आणखी दीड हजाराची तजवीज ठेवावी. इथपर्यंतचा खर्च सर्वांना दिसतो. न दिसणारा खर्च वेळेचा असतो, आणि तोच या व्यवहारातील सर्वांत मोठा आकडा आहे. अभ्यासक्रमाच्या अखेरीस क्लिनिकमध्ये जी एक्स्टर्नशिप करावी लागते ती बहुधा बिनवेतन, दिवसाच्या वेळी आणि दीडशे तासांहून अधिक असते, त्यामुळे त्या आठवड्यांत हातची नोकरी टिकवणे पुष्कळांना अशक्य होते.

आता मिळकत पाहू. अमेरिकी सरकारच्या कामगार-सांख्यिकी खात्याने मे २०२४ साठी मेडिकल असिस्टंटचे मध्यम वार्षिक वेतन ४४,२०० डॉलर नोंदवले आहे. त्याच वेळी देशातील सर्व व्यवसायांचे मध्यम वेतन ४९,५०० होते. पूर्णवेळ कामाच्या २,०८० तासांनी भागले तर हे वेतन ताशी सव्वाएकवीस डॉलर पडते. दुसऱ्या बाजूस, १ एप्रिल २०२४ पासून कॅलिफोर्नियात मोठ्या साखळीच्या फास्ट फूड दुकानातील कामगाराला कायद्याने ताशी किमान २० डॉलर द्यावे लागतात, आणि त्यासाठी कोणतेही सर्टिफिकेट लागत नाही! पालकांच्या कपाळाला आठी पडावी असाच हा शेजार आहे. अर्थात कॅलिफोर्नियात असिस्टंटचे वेतनही देशाच्या मध्यमानाहून वरचे असते, आणि ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने तेथील सर्वांत मोठ्या आरोग्यसंस्थांना किमान वेतन ताशी २३ डॉलर करावे लागले असून ते टप्प्याटप्प्याने २५ पर्यंत जायचे आहे. म्हणून एकट्या डॉक्टरच्या छोट्या क्लिनिकात लागलेली नोकरी आणि मोठ्या संस्थेतील नोकरी यांत पद एकच असूनही मिळकतीत बरेच अंतर पडते.

हे सारे एका काल्पनिक उदाहरणात मांडून पाहावे. एखादी मुलगी ताशी वीस डॉलरांवर काम करीत आहे आणि शिक्षणासाठी छत्तीस आठवडे दर आठवड्याला वीस तास कमी काम करते, असे धरा : तिने १४,४०० डॉलर सोडले. त्यात फी व किरकोळ खर्चाचे सुमारे तीन हजार मिळवले की तिची खरी गुंतवणूक १७,४०० च्या घरात जाते. नव्या नोकरीत तिला ताशी साडेतीन डॉलर अधिक मिळाले, तर वर्षाला कर वगळण्यापूर्वी ७,२८० ची वाढ होते, आणि गुंतवणूक सुमारे अडीच वर्षांत वसूल होते. हा व्यवहार वाईट नाही; पण ‘नाममात्र फी’ या शब्दांनी जे चित्र उभे राहते त्याहून तो पुष्कळ निराळा आहे. शिवाय दिवसपाळीचे ठरलेले तास, आरोग्यविमा आणि रुग्णसेवेचा नोंदवलेला अनुभव यांना डॉलरांत किंमत लावता येत नसली तरी त्या वस्तू काउंटरमागे मिळत नाहीत, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. जी गृहिणी आज नोकरीतच नाही, तिच्या हिशेबात सोडलेल्या वेतनाच्या जागी मुलांच्या सांभाळाचा खर्च लिहावा. तो काही वेळा त्याहून मोठा निघतो.

याच उदाहरणात कम्युनिटी कॉलेज काढून खासगी नफेखोर शाळा घातली की हिशेब पार उलटतो. अशा शाळांत याच शिक्षणासाठी पंधरा-अठरा हजार डॉलर आकारले जाणे नवलाचे नाही, आणि ते बहुधा कर्जाने उभे केले जातात. एव्हरेस्ट, हील्ड अशा नावांनी शाळा चालवणारी कोरिंथियन कॉलेजेस ही कंपनी, जिच्या अनेक शाळांत मेडिकल असिस्टंटचे वर्ग चालत, एप्रिल २०१५ मध्ये एकाएकी बंद पडली. विद्यार्थ्यांना नोकऱ्या मिळाल्याचे खोटे प्रमाण सांगितले म्हणून कॅलिफोर्निया राज्याने तिच्यावर लावलेल्या दाव्याचा निकाल २०१६ मध्ये राज्याच्या बाजूने लागला, आणि जून २०२२ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने तिच्या ५ लाख ६० हजार माजी विद्यार्थ्यांचे ५८० कोटी डॉलरांचे कर्ज माफ करण्याचे जाहीर केले. त्या माफीची वाट पाहण्यात गेलेली वर्षे कोणी परत केली नाहीत. दूरदर्शनवरील जाहिरातीत ‘सहा महिन्यांत नवे करिअर’ असे वाक्य ऐकू आले की प्रथम त्या शाळेची एकूण फी लेखी मागावी, आणि मग जवळच्या कम्युनिटी कॉलेजाच्या फीशेजारी ती ठेवावी.

सर्टिफिकेट आणि राष्ट्रीय परीक्षा यांची गल्लत करू नये. कॉलेज देते तो शिक्षणाचा दाखला; सीएमए, सीसीएमए, आरएमए या स्वतंत्र संस्थांच्या परीक्षांनी मिळणाऱ्या सनदा आहेत, आणि नोकरीच्या जाहिरातीत बहुधा त्यांची मागणी असते. कॅलिफोर्नियात कायद्याने परवाना लागत नाही, डॉक्टरही स्वतः प्रशिक्षण देऊन माणूस तयार करू शकतो. वॉशिंग्टन राज्यात मात्र आरोग्य खात्याकडे नोंदणी केल्याशिवाय हे काम करताच येत नाही. पतीची बदली होण्याचा संभव असेल तर आज ज्या राज्यात राहतो तेवढ्याचाच विचार करणे अदूरदर्शीपणाचे ठरेल.

व्हिसाचा प्रश्न याहून कठीण. एच-४ व्हिसावर शिकता येते. परंतु नोकरीची मुभा, २०१५ च्या नियमानुसार, मुख्यतः त्याच पत्नीला वा पतीला मिळते जिच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झाला आहे. एच-४ वरील मुलांना ती मिळत नाही, आणि एकविसाव्या वर्षी तो दर्जाही संपतो. रहिवासी न ठरलेल्यास फी अनेक पटींनी वाढते. आणि केवळ या सर्टिफिकेटसाठी भारतातून विद्यार्थी पाठवण्याचा विचार कोणी पालक करीत असतील, तर त्यांनी तो सोडून द्यावा. एच-१बी साठी पदवीची अट असलेला व्यवसाय लागतो आणि हे पद त्यात बसत नाही.

आयुर्वेद, होमिओपॅथी वा दंतवैद्यकाची पदवी घेऊन महाराष्ट्रातून गेलेल्या स्त्रिया या सर्टिफिकेटकडे वळतात तेव्हा मला विशेष वाईट वाटते. काम कमी प्रतीचे आहे म्हणून हे म्हणत नाही. कम्युनिटी कॉलेजातच थोड्या अधिक कालावधीत मिळणाऱ्या असोसिएट पदव्यांकडे त्यांचे लक्ष गेलेले नसते. मे २०२४ चे मध्यम वेतन डेंटल हायजिनिस्टचे ९४,२६० आणि नोंदणीकृत परिचारिकेचे ९३,६०० डॉलर होते. या दोन्ही मार्गांचे दार असोसिएट पदवीने उघडते. प्रवेशासाठी चुरस मोठी असते व काही वेळा वाट पाहावी लागते, हे खरे.

म्हणूनच असिस्टंटच्या सर्टिफिकेटला मी मुक्काम मानीत नाही. कॅलिफोर्नियातील काही नर्सिंग अभ्यासक्रमांच्या प्रवेशात आरोग्यक्षेत्रातील अनुभवाला गुण असतात, त्यामुळे क्लिनिकातील दोन वर्षे तेथे उपयोगी पडू शकतात. परंतु सर्टिफिकेटमधील वैद्यकीय परिभाषेचे वा कार्यालयीन कामाचे विषय नर्सिंगसाठी बहुधा धरले जात नाहीत. तेथे प्रयोगशाळेसह शरीररचना, शरीरक्रिया व सूक्ष्मजीवशास्त्र हवे असते. कॉलेजातील कौन्सेलरकडे पहिल्याच भेटीत असा लेखी आराखडा मागावा, की कोणती युनिटे पुढे चालतील आणि कोणती वाया जातील. काही कॉलेजे हे विज्ञानविषय ठरावीक वर्षांहून जुने असल्यास नाकारतात. तेव्हा नोकरी लागल्यावर, नर्सिंगचा अर्ज करण्याच्या दोनएक वर्षे आधी, संध्याकाळच्या वर्गांत ते उरकणे सोयीचे पडते.