आकड्यांचा मेरू

मुलांनो, पाटीवर १ लिहा. त्याखाली १ १ लिहा. पुढच्या प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना १ येतो. मधल्या जागी वरच्या दोन आकड्यांची बेरीज लिहा.

        १
       १ १
      १ २ १
     १ ३ ३ १
    १ ४ ६ ४ १

६ कसे आले? वरच्या ३ आणि ३ पासून. संगणकही असेच करतो. आधीची ओळ जपून ठेवतो, तिच्यावरूनच पुढची काढतो. मात्र एक बेरीज चुकली, की ती चूक खाली उतरत जाते.

दहाव्या शतकात हलायुध पंडिताने ही रीत लिहून ठेवली. तिचे नाव मेरुप्रस्तार. मेरू हा पुराणातला पर्वत. श्लोकात लघु म्हणजे आखूड आणि गुरू म्हणजे लांब अक्षरे किती प्रकारे येतात, हे त्यावरून मोजत. तीन अक्षरांत एक गुरू ३ प्रकारे बसतो. चौथ्या ओळीत पाहा बरे!

प्रत्येक ओळीची बेरीज आधीच्या ओळीच्या दुप्पट असते. आता सहावी ओळ काढा. बेरीज ३२ आली नाही, तर एकेक ओळ वर चढत चूक शोधा.