वाचा-श्रवण शिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्ता : धाराशिवच्या बोलीची कसोटी

मूल बोलत नाही, ही गोष्ट घरात प्रथम आईच्या लक्षात येते. परंतु ते का बोलत नाही, याचे उत्तर शोधण्यास प्रशिक्षित कान लागतो. ऐकू न आल्यामुळे बोलणे खुंटले आहे, ऐकू येऊनही भाषेचा विकास मंदावला आहे, की मूल घरची बोली उत्तम बोलत असून केवळ प्रमाण मराठीशी तिचा मेळ बसत नाही, याचा निवाडा करणे हे वाक्, भाषा व श्रवण शास्त्रांच्या अभ्यासकाचे काम होय. २०२२ च्या अखेरीपासून जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्ता सर्वसामान्यांच्या हाती आली आणि या शास्त्रांच्या अध्यापनातही तिचा विचार सुरू झाला. धाराशिवसारख्या बहुभाषी ग्रामीण जिल्ह्याच्या दृष्टीने या साधनाचा उपयोग किती आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

शिक्षणाची परंपरा

म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ मध्ये, तर मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. १९९२ च्या अधिनियमान्वये भारतीय पुनर्वास परिषद या क्षेत्रातील प्रशिक्षणाचे नियमन करते. पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यात एक वर्षाची आंतरवासिता असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य करण्यात आले आणि श्रवणदोषाबरोबरच वाचा व भाषा दिव्यांगत्वासही स्वतंत्र स्थान मिळाले. कायद्याने हक्क दिला, तरी तो गावातील मुलापर्यंत पोहोचविणारा तज्ज्ञ त्या गावाची भाषा जाणणारा असावा लागतो. येथेच शिक्षणाचा खरा प्रश्न उभा राहतो.

यंत्र काय करते ?

हे यंत्र मानवाप्रमाणे ऐकत वा समजत नाही. अफाट मजकुरातून शब्दांच्या साहचर्याचे नमुने टिपून, दिलेल्या वाक्यानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे गणित ते मांडते. त्यामुळे त्याचे लेखन सफाईदार असते. मात्र सफाई म्हणजे सत्य नव्हे. ज्या भाषेतील मजकूर त्याने विपुल पाहिला, त्या भाषेत ते अधिक विश्वसनीय ठरते. इंग्रजीच्या तुलनेत मराठीचा संगणकीय मजकूर अल्प, आणि मराठीतही बोलींचा मजकूर त्याहून अल्प आहे.

तरीही विद्यार्थ्याच्या सरावासाठी हे साधन उपयुक्त ठरू शकते. उदाहरणार्थ, उमरगा तालुक्यातील एका तीन वर्षांच्या मुलाच्या आईची भूमिका घेण्यास अध्यापकाने यंत्रास सांगावे. घरात कानडी व मराठी दोन्ही बोलल्या जातात आणि मूल अद्याप दोन शब्द जोडून बोलत नाही, एवढी माहिती द्यावी. जन्मानंतर कावीळ झाली होती काय, कान वाहतो काय, मागून हाक मारल्यास मूल वळते काय, कोणत्या भाषेत कोण बोलते, हे प्रश्न विद्यार्थ्याने विचारावेत. नंतर अध्यापकाने त्या संवादाचे टिपण तपासून सुटलेले प्रश्न दाखवून द्यावेत. प्रत्यक्ष रुग्णास त्रास न देता अशी उजळणी वारंवार करता येते.

मात्र यंत्रातील आई विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे नीटनेटके उत्तर देते. प्रत्यक्षातील आई सासूसमोर गप्प राहते, किंवा ‘याचा बापही उशिरानेच बोलला’ असे म्हणून विषय संपविते. त्या मौनाचा अर्थ लावण्याचे शिक्षण रुग्णालयात आणि गावातच मिळते.

‘शेळ्या चार’ : लिपी आणि ध्वनी

उस्मानाबादी शेळीसाठी प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्यातीलच एक उदाहरण घेऊ. ‘शेळ्या चार’ या दोन शब्दांत शेळ्यांची संख्या सांगितली असेल, तर ‘चार’मधील च तालव्य, म्हणजे ‘चिमणी’तील चसारखा, उच्चारला जातो. शेळ्यांना चरावयास नेण्याची आज्ञा असेल, तर तोच च दंततालव्य, म्हणजे ‘चाक’मधील चसारखा होतो. लिपी दोहोंत भेद करीत नाही; कान करतो. लिखित मजकुरावर वाढलेल्या यंत्राने उच्चार-सरावासाठी ‘च’च्या शब्दांची यादी दिली, तर तीत हे दोन ध्वनी सरमिसळ होण्याचा संभव असतो. एकच ध्वनी साध्य करू पाहणाऱ्या मुलाच्या दृष्टीने अशी यादी निरुपयोगी होय.

दुसरे उदाहरण ‘ळ’चे. शब्दाच्या आरंभी, मध्ये व शेवटी अशा तीन स्थानी ध्वनीचा सराव देण्याची पद्धत पाठ्यपुस्तकांत आढळते. त्यानुसार ‘ळ’ने सुरू होणारे दहा शब्द यंत्रास मागितल्यास ते काहीतरी बनवून देण्याची शक्यता असते, मराठीत मात्र नित्य वापरातील एकही शब्द ‘ळ’ने सुरू होत नाही. ‘गाल-गाळ’, ‘माल-माळ’, ‘काल-काळ’ अशा जोड्या येथे खऱ्या उपयोगाच्या आहेत. यास्तव यंत्राची यादी विद्यार्थ्यांपुढे ठेवून ‘यातील चुका शोधा’ असा पाठ दिल्यास चुकीच्या यादीतूनही ध्वनिशास्त्राचे उत्तम शिक्षण घडेल.

बोली म्हणजे दोष नव्हे

ग्रामीण भागात ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणारी अनेक कुटुंबे आहेत. अशा घरातील मूल ‘पानी’ म्हणते तेव्हा ते आपल्या वडीलधाऱ्यांची भाषा अचूक बोलत असते. प्रमाण मराठीचा नमुना समोर ठेवणारे यंत्र त्यास उच्चारदोष ठरवू शकते. जिल्ह्यात मराठीबरोबर दखनी उर्दू व बंजारा बोली नांदतात, आणि कर्नाटकाच्या सीमेलगत कानडीचा सहवास आहे. दोन भाषांत वाढल्यामुळे भाषादोष उत्पन्न होत नाही. परंतु मुलाचा शब्दसंग्रह मोजताना दोन्ही भाषांतील शब्द धरावे लागतात. एकाच भाषेच्या मोजपट्टीने निरोगी मूल सदोष ठरते. उलट ‘दोन भाषांमुळे उशीर होत असेल’ अशी समजूत घातल्यास खरोखर बहिरे असलेल्या मुलाची मोलाची वर्षे निघून जातात.

ऐकून लिहिणारे यंत्र

रुग्णाचे बोलणे जसेच्या तसे लिहून काढणे हा या अभ्यासाचा पाया आहे. हे वेळखाऊ काम यंत्राकडे सोपविण्याचा मोह स्वाभाविक आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ‘व्हिस्पर’ या श्रुतलेखन प्रणालीची इंग्रजी ध्वनिमुद्रणांवर तपासणी केली. सुमारे १ टक्का लेखनांत, कोणीही न उच्चारलेली वाक्ये वा वाक्यांश यंत्राने स्वतःच घातल्याचे आढळले. वाचाघात झालेल्या व्यक्तींच्या बोलण्यात हे प्रमाण अधिक होते. बोलण्यातील दीर्घ विरामांशी त्याचा संबंध दिसून आला. ज्याला शब्द सापडत नाही, त्याच्या तोंडी यंत्राने शब्द घालावेत, ही बाब निदानाच्या दृष्टीने गंभीर आहे, कारण येथे विराम हेच लक्षण असते. दोष पुसून वाक्य सुबक करणारे लेखन या शास्त्रात चुकीचे लेखन होय. म्हणून विद्यार्थ्याने प्रथम स्वतः ऐकून लिहावे, त्यानंतरच यंत्राचे लेखन ताडून पाहावे. हा क्रम उलटता कामा नये.

जिल्ह्याचा वाटा

भारतीय भाषांसाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. अशा प्रयत्नांत बोलींना स्थान मिळावयाचे, तर त्या बोलींचे नमुने जमले पाहिजेत. शिक्षकांनी कणीस, सूप, जाते, शेळी अशा परिचित वस्तूंची स्थानिक नावे व उच्चार नोंदवून प्रशिक्षण संस्थांना पुरविल्यास चित्रकार्डे व चाचण्या येथील मुलांना ओळखीच्या होतील. मात्र मुलांचा आवाज ही त्यांची खासगी माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. नाव, गाव व रुग्णाचा अहवाल सार्वजनिक यंत्रात भरू नये, हे विद्यार्थ्यास पहिल्याच पाठात शिकवावे.

पंचायत सदस्यांचे काम याहून सोपे, परंतु तितकेच महत्त्वाचे आहे. पहिल्या महिन्यात श्रवणाची चाळणी चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास प्रारंभ, हा सर्वमान्य दंडक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्या व शाळांत तपासणी करीत आली आहेत. पथक येण्याच्या दिवशी वस्तीवरील, ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबांतील आणि शाळाबाह्य मुलेही तेथे पोहोचतील, एवढी व्यवस्था गावाने करावी.

यंत्र सरावाला साथ देईल, मसुदा करून देईल. परंतु ‘पानी’ म्हणणारे मूल आणि पाण्याचा आवाजच न ऐकणारे मूल यांतील अंतर ओळखण्याची जबाबदारी माणसाच्या कानावरच राहील. तो कान तयार करणे, हेच या शिक्षणाचे प्रयोजन आहे.