कळस दिसला

लेक शिकायला पुण्याला गेली, त्याला सहा महिने झाले. रात्री साडेनऊला ओटा पुसता पुसता मी फोन लावायचे. "जेवलीस का?" "हो." "काय होतं?" "भाजी." पुढचं सुचायच्या आत तिकडून, "आई, ठेवू?" मग मेसेजवर निळ्या खुणा उमटल्या का, ते बघत बसायचं. खरं सांगा, तुम्हीही बसताच ना?

एकदा चिडून बोलून गेले, "तुला आमची आठवणच येत नाही." पलीकडे एकदम शांतता. दिवाळीला घरी आल्यावर, मी चकल्या तळत असताना ती हळूच म्हणाली, "येते गं आठवण. पण मी रडले की तूही रडतेस. मग मलाच तुझी समजूत काढावी लागते."

झारा हातात तसाच राहिला. त्या घाण्यातल्या चकल्या करपल्या.

तेव्हा सासूबाई आठवल्या. त्या आळंदीहून पायी वारीला जायच्या. अडीचशेएक किलोमीटर चालायचं आणि पंढरपुरात पोचल्यावर पदस्पर्श दर्शनाची ही भलीमोठी रांग! पुष्कळ वारकरी नामदेव पायरीशी डोकं टेकवून, कळसाला हात जोडून माघारी फिरतात. सासूबाईही तशाच यायच्या. मला ते पटायचं नाही. "एवढं चालून पायसुद्धा धरायला मिळाले नाहीत?"

तळव्यांना तेल चोळत त्या म्हणायच्या, "कळस दिसला की. त्याला ठाऊक आहे मी आले होते."

पण पुढच्या ज्येष्ठात पिशवी पुन्हा भरलेली! ओढ काडीचीही कमी नाही, कुरकुर मात्र नाही. ज्ञानेश्वर माउलींनी तर विरहिणी रचल्या. हुरहुर वाटण्यात आपल्याकडे कुणी कमीपणा मानलेलाच नाही. मी तेवढी माझ्या हुरहुरीचं बिल लेकीच्या नावावर फाडत होते.

आता फोन कधी करायचा ते तिच्यावर सोडलंय. विचारपूस कमी करून घरातलंच काहीबाही सांगते. बाबांनी इस्त्री करताना शर्ट जाळला, कढीपत्त्याला फुटवे आलेत. असं काही ऐकलं की तिची गाडी आपोआप सुरू होते. करून बघा. मला रोज जमतं असं मुळीच नाही. परवाच लागोपाठ तीन फोन लावले.

काल रात्री तिचाच मेसेज आला. शब्द एकही नाही, नुसता ताटाचा फोटो. वरणभात, पापड, कडेला तिचा अंगठा. मी तो मोठा करून पाहिला. नखं वाढवलीयेत बाईसाहेबांनी.