मानसिक आजारावरील औषधे, अनैच्छिक हालचाली आणि आनुवंशिकता

स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार अशा आजारांत हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, अरिपिप्राझोल यांसारखी मनोविकारविरोधी औषधे दिली जातात. भास, भ्रम व संशय यांवर ती परिणामकारक आहेत. मात्र मेंदूतील ज्या डोपामाइन या रसायनाचे कार्य ती रोखतात, तेच रसायन शरीराच्या हालचालींचेही नियमन करते. त्यामुळे काही रुग्णांना हालचालींचे दुष्परिणाम जाणवतात. एकच गोळी समान मात्रेत घेणाऱ्या दोघांपैकी एकाची मान आखडते, दुसऱ्यास काहीही होत नाही. या फरकामागे वय व मात्रा यांच्याबरोबरच आनुवंशिकतेचाही वाटा असतो.

दुष्परिणाम कसे ओळखावेत?

उपचाराच्या पहिल्या काही दिवसांत मान, जबडा किंवा डोळ्यांचे स्नायू अचानक आखडू शकतात. तरुण पुरुषांत हे अधिक आढळते. अनेक घरांत यास बाधा समजून मौल्यवान वेळ दवडला जातो; वस्तुतः रुग्णालयातील एका इंजेक्शनने बहुधा लवकरच उतार पडतो. पहिल्या काही आठवड्यांत रुग्णास एका जागी बसवत नाही, तो सतत येरझारा घालतो. हे आजार बळावल्याचे लक्षण मानून मात्रा वाढविली गेल्यास त्रासही वाढतो. हात थरथरणे, चाल मंदावणे, चेहरा निर्विकार होणे हे वृद्धांत विशेष दिसते. अनेक महिने किंवा वर्षे औषध घेतल्यानंतर जीभ, ओठ व जबडा यांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली सुरू होऊ शकतात. त्या कायम राहण्याची शक्यता असल्याने लवकर लक्षात येणे महत्त्वाचे.

तीव्र ताप, ताठरलेले शरीर व गोंधळलेली अवस्था एकत्र दिसल्यास रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे.

आनुवंशिकतेचा संबंध

यकृतातील सीवायपी२डी६ हे विकर यांपैकी अनेक औषधांचे विघटन करते. आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांमुळे काही व्यक्तींत ते जवळजवळ निष्क्रिय असते. अशा वेळी नेहमीची मात्राही शरीरात साचत जाते. म्हणूनच अरिपिप्राझोल अशा व्यक्तींना नेहमीच्या निम्म्या मात्रेत देण्याची शिफारस आहे. युरोपीय लोकांच्या तुलनेत भारतीयांत हे प्रमाण कमी आहे. परंतु फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन ही नैराश्यावरील औषधे सोबत घेतल्यास सामान्य जनुके असलेल्या व्यक्तीचेही विकर मंदावते. डोपामाइनच्या ग्राहकांशी संबंधित जनुकांचाही अभ्यास झाला आहे. तथापि त्यांचा प्रभाव लहान असून त्यावरून एका व्यक्तीविषयी भाकीत करता येत नाही.

यासाठी जनुकीय चाचणी उपलब्ध असली, तरी औषध सुरू करण्यापूर्वी ती अनिवार्य नाही. चाचणीत दोष आढळला नाही म्हणजे धोका टळला, असेही नव्हे. तिच्यासाठी कर्ज काढण्याचे कारण नाही. त्याहून सहज मिळणारी माहिती आपल्या घरातच असते. रक्ताच्या नात्यातील कोणास अशा औषधांनी आखडणे, थरथरणे किंवा जिभेच्या हालचाली झाल्या होत्या काय, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे. उलटी थांबविणारे मेटोक्लोप्रमाइड किंवा आम्लपित्ताच्या काही कॅप्सूलमधील लेवोसल्पिराइड यांनीही असाच त्रास होतो. उलटीच्या इंजेक्शनानंतर कोणाचा जबडा अडकला होता, ही आठवणही येथे उपयोगी ठरते. त्यावरून डॉक्टर अल्प मात्रेने आरंभ करणे, ती सावकाश वाढविणे किंवा क्वेटियापिनसारखे कमी धोक्याचे औषध निवडणे यांचा विचार करू शकतात.

औषध स्वतःहून बंद करू नये. अचानक थांबविल्यास मूळ आजार उलटतो आणि कधीकधी दबलेल्या हालचालीही उघड होतात. तसेच ट्रायहेक्सिफेनिडिलची जुनी चिठ्ठी दाखवून औषध दुकानातून गोळ्या आणू नयेत: आखडणे व थरथरणे यांवर त्या उपयुक्त असल्या, तरी जीभ-जबड्याच्या उशिरा उद्भवणाऱ्या हालचाली त्यांनी वाढू शकतात. हालचालींचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ घेऊन तो तपासणीच्या वेळी दाखवावा, कारण डॉक्टरांसमोर त्या नेमक्या दिसतीलच असे नाही.

उपचारांच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती मिळणे हा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाचा हक्क आहे. ती निःसंकोचपणे विचारावी. सल्ल्यासाठी टेलि-मानस ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.