दारूबाजाच्या नऊ पायऱ्या
वाचावयाचा भाग : नीतिसूत्रे २३:२९-३५, लूक १५:११-२४.

सन १८४६ त अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरी नथॅनियल करियर नामक छापखानेवाल्याने ‘दारूबाजाची वाटचाल’ अशा अर्थाचे एक शिळाछाप चित्र प्रसिद्ध केले. त्या काळी तेथे मद्यपाननिषेधाची चळवळ जोरात होती, व अशी चित्रे लोकांस उपदेश करीत. त्या चित्राचा अर्थ आपण पाहू.

चित्रात एक कमान असून तिजवर नऊ पायऱ्या आहेत. पहिलीवर मित्राबरोबर एक पेला, दुसरीवर थंडी निवारण्यासाठी एक, तिसरीवर एक अधिक, चौथीवर धिंगाणा. पाचवी सर्वांत उंच; तेथे तो सोबत्यांसह मौजेत आहे, परंतु पक्का दारूबाज झाला आहे. मग उतरण लागते : दारिद्र्य व रोग, मित्रांनी केलेला त्याग, निराशा व गुन्हा, आणि शेवटी आत्मघात.

ह्यातून दोन बोध होतात. पहिला हा की, पतनाचा आरंभ चढणीवरच होतो. पहिल्या पायरीवर कोणी नाशाच्या हेतूने पाय ठेवीत नाही. स्नेहाचे निमित्त पुरते. आणि ज्या मित्रांसाठी पेला उचलला, ते सातव्या पायरीवर सोडून जातात. दुसरा बोध कमानीखाली आहे. तेथे पत्नी व मूल रडत आहेत. त्यांनी एकही पायरी चढली नाही, तरी सर्व कमानीचा भार त्यांच्या माथ्यावर आहे.

तथापि चित्रात एक उणीव आहे : माघारी येण्यास वाट नाही. वस्तुतः सन १८४० तच बाल्टिमोर शहरी सहा मद्यपी गुत्त्यात बसले असता त्यांनी दारू सोडण्याची शपथ घेतली व वॉशिंग्टन ह्यांच्या नावाने मंडळ स्थापिले. ते आपला अनुभव सभेत सांगत व दुसऱ्या पतितांस हात देत. ती चळवळ काही वर्षांनी ओसरली. परंतु पतित उठू शकतो, हे तिने दाखविले. दृष्टांतातील धाकटा मुलगाही डुकरांमधून उठून घरी आला, आणि बाप त्याजकडे धावत गेला.

उपदेशक बंधूंनो, आम्हीही पुष्कळदा केवळ उतरण दाखवून लोकांस भिवविले, व हात देण्यास चुकलो. ह्यापुढे दोन्ही करू या.

विचारावयाचे प्रश्न
१. आपल्या गावी पहिला पेला कोणत्या निमित्ताने दिला जातो?
२. सातव्या पायरीवरील मनुष्याच्या घरी ह्या आठवड्यात कोण जाईल?